सिंगापूरच्या जुरासिक राइडमध्ये ८५ फुटांची उडी नाही

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मे महिन्यात तुम्ही सिंगापूरला निघालाय, सोबत सहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या आई. युनिव्हर्सल स्टुडिओजची तिकिटं काढून झाली आहेत. मुलीला डायनासोरचं वेड, म्हणून यूट्यूबवर जुरासिक पार्कच्या पाण्यातल्या राइडचा व्हिडिओ लावला. शेवटी बोट ८५ फुटांवरून खाली सुटते ते बघून आईंनी जाहीर केलं, "मी बसणार नाही आणि पोरीलाही बसवायचं नाही." आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे प्रकरण सुरक्षित आहे का, मध्येच बंद पडलं तर काय, कितपत भिजायला होतं आणि या दोघींना बसवावं का.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ सिंगापूरचा नाही. तो युनिव्हर्सलच्या दुसऱ्या पार्काचा, म्हणजे हॉलिवूडचा, ऑरलँडोचा किंवा ओसाकाचा असणार. या एका गोष्टीने तुमचा अर्धा प्रश्न सुटतो, म्हणून आधी तीच नीट सांगतो.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात: पाण्याच्या राइड्सची उभारणी आणि देखभाल हेच माझं काम, भारतात आणि आखातात. पंप, व्हॉल्व्ह, चेन, बोटी, कंट्रोल पॅनेल यांत दिवस जातो. सिंगापूरच्या राइडमध्ये मी प्रवासी म्हणून बसलोय, तिथे नोकरी केलेली नाही. तेव्हा पुढचं जे सांगतोय ते अशा प्रकारच्या यंत्रांच्या अनुभवावरून.

जुरासिकच्या नावाने पाण्यातल्या ज्या राइड्स निघाल्या, त्यात दोन वेगळी यंत्रं आहेत. पहिलं हॉलिवूडचं. १९९३ साली सिनेमा आला आणि १९९६ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या पार्कात ही राइड सुरू झाली. मोठी बोट, रांगेने बाकं, संथ कालव्यातून सफर आणि शेवटी ८४ फुटांचा उतार. २०१८ मध्ये ती बंद करून पुढच्या वर्षी जुरासिक वर्ल्डच्या रूपात पुन्हा उघडली. सुरुवातीला मोसासॉरस या प्रचंड समुद्री सरपट प्राण्याचं मत्स्यालय आलं, पण शेवटची उडी राहिली. ऑरलँडोची १९९९ ची आणि ओसाकाची २००१ ची राइड ही तिचीच भावंडं, त्यांचा उतार ८५ फुटांचा.

सिंगापूरला सेंटोसा बेटावर २०१० साली युनिव्हर्सल सुरू झालं, तेव्हा तिथे दुसरं यंत्र बसवलं: रॅपिड्स. गोल राफ्ट, तोंडं आतल्या बाजूला करून बसलेले नऊ जण, आणि खळाळत्या पाण्यातून गरगरत जाणं. शेवटी राफ्ट एका इमारतीत शिरते, अंधारात लिफ्टने वर उचलली जाते, टी-रेक्स दर्शन देतो आणि मग राफ्ट घसरत खाली येते. घसरण आहे, ओरडायला होतं, पण ती त्या ८५ फुटांच्या आसपासही नाही. आईंना हे पहिल्यांदा सांगा. पुन्हा यूट्यूब लावायचंच असेल तर शोधताना "सिंगापूर" आणि "रॅपिड्स" हे दोन्ही शब्द टाका.

आता भीतीबद्दल. लोक मला नेहमी उडीबद्दल विचारतात. माझ्या हिशेबी उतार हा बोटीच्या राइडचा सगळ्यात बांधलेला भाग असतो. संथ कालव्यात बोट तरंगते, प्रवाहाबरोबर जाते, कडेच्या भिंतीला घासते. ती कुठल्या क्षणी नेमकी कुठे असेल हे ऑपरेटरही इंचात सांगू शकत नाही. पण चढावर लागली की ती यंत्राच्या ताब्यात जाते. चेन किंवा पट्टा तिला वर ओढतो आणि खाली घसरू नये म्हणून अडकणारे खटके असतात. चढताना टक-टक आवाज येतो तो बहुतेक वेळा त्यांचाच, म्हणजे घाबरवणारा तो आवाज खरं तर सुरक्षेचा असतो. उतारावर बोट ठरलेल्या मार्गिकेत असते, इकडेतिकडे जायला वाव नसतो. २६ मीटर उंचीवरून घर्षण धरलंच नाही तर खाली वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास निघतो. उतार पन्नासेक अंशांचा धरला तर सगळा खेळ तीन सेकंदांत आटोपतो. पोटात गोळा येतो तो माथ्यावरून बोट वाकते त्या क्षणी. त्यानंतर कळतं फक्त पाणी.

ते पाणीही वाटतं तितकं आपोआप उडत नाही. बोटीच्या नाकाचा आकार, खालच्या टाकीतली पातळी आणि बोटीत बसलेलं वजन यांवर फवारा ठरतो. पातळी दोन-चार इंचांनी वरखाली केली तरी बोट थांबण्याचं अंतर बदलतं आणि पहिल्या रांगेचं नशीबही. आमच्याकडे नव्या राइडच्या चाचणीत बोटीत पाण्याने भरलेले कॅन आणि वाळूची पोती ठेवून तासन् तास हेच चालतं. मार्केटिंगवाल्यांना मोठा फवारा हवा असतो, देखभालवाल्यांना छोटा, कारण बाहेर उडालेलं पाणी परत टाकीत भरावं लागतं.

हॉलिवूडच्या राइडचा एक किस्सा आईंना ऐकवा. उद्घाटनाच्या वेळी स्वतः स्टीव्हन स्पीलबर्ग बोटीत होते आणि शेवटच्या उडीच्या आधी ते उतरून गेले, हे तेव्हापासून छापून आलेलं आहे. मला त्यात गंमतीपेक्षा कामाची गोष्ट दिसते: माथ्यावर उतरायला जागा आणि जिना होता. तुमचा "मध्येच बंद पडली तर?" हा जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर त्या जिन्यात आहे. नीट बांधलेल्या राइडमध्ये बोट जिथे जिथे थांबू शकते, तिथून माणसं चालत बाहेर काढायची सोय आराखड्यातच धरलेली असते. राइड थांबणं म्हणजे बिघाड, असंही नाही. मार्गाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एकच बोट, असा नियम कंट्रोल सिस्टीम पाळते. पुढची बोट स्टेशनवर अडकली, कुणाचा गुडघा वळला, कुणी आजोबांना उतरायला वेळ लागला, की मागच्या बोटी थांबवल्या जातात. अशा वेळी जागेवर बसून राहायचं, स्पीकरवरची सूचना ऐकायची आणि कितीही उशीर झाला तरी आपणहून उतरायचं नाही. एवढं पाळलंत की पुरे.

रॅपिड्समध्ये मात्र धोका वेगळ्या जागी असतो, आणि तुम्ही सुरक्षेबद्दल स्पष्ट विचारलंय तर मीही स्पष्ट सांगतो. रॅपिड्सचा पहिला नमुना १९८० साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका पार्कात आला. तत्त्व साधं: मोठे पंप पाणी वरच्या पातळीवर चढवतात, तिथून ते उतारावरून खाली येतं, तळाशी बसवलेल्या अडथळ्यांमुळे लाटा होतात आणि गोल राफ्ट त्यांवर नाचते. सगळा खेळ पाण्याच्या पातळीवर. पंप थांबला की काही क्षणांत पाणी खालच्या तळ्यात उतरतं आणि तरंगणारी राफ्ट टेकते. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या ड्रीमवर्ल्डमध्ये हेच झालं. पंप बंद पडला, पातळी उतरली, एक राफ्ट रुळांवर अडकली, मागून कन्व्हेयरवरून (राफ्ट ओढून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरून) आलेली दुसरी राफ्ट तिच्यावर धडकून उलटली आणि चार जण दगावले. पाणी उतरल्याबरोबर कन्व्हेयर आपोआप थांबवणारी व्यवस्था तिथे नव्हती, हे पुढच्या चौकशीत समोर आलं. ती राइड नंतर पाडून टाकण्यात आली.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने त्या दिवसानंतर आपापल्या राइडचा पातळीचा सेन्सर, पंपाचा ट्रिप (तो आपोआप बंद पडण्याची व्यवस्था) आणि कन्व्हेयर यांची साखळी पुन्हा तपासली. सिंगापूरमध्ये राइड्सच्या सुरक्षेसाठी २०११ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथलं बांधकाम प्राधिकरण त्यावर देखरेख ठेवतं. परवान्याशिवाय राइड चालवता येत नाही. मी माझ्या घरच्यांना त्या राइडमध्ये बसवेन का? हो. एखाद्या जत्रेत कुणीतरी चार महिन्यांसाठी उभारलेल्या पाण्याच्या खेळात बसवेन का? तिथे मी आधी पंपाजवळ जाऊन उभा राहीन आणि मग ठरवेन.

माझ्या अनुभवात पाण्याच्या राइडवर माणसं जखमी होतात ती बहुतेक चढता-उतरताना. ओली फरशी, हलणारी राफ्ट, एक पाय आत एक बाहेर, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात लेकरू. प्रथमोपचाराच्या रजिस्टरमध्ये ज्या नोंदी असतात त्यांत डायनासोरजवळच्या फारशा नसतात, स्टेशनच्या शेवटच्या पायरीच्या असतात. म्हणून आईंच्या बाबतीत मी "घाबरतील का" यापेक्षा "बसता-उठता येईल का" हे आधी विचारेन.

घरी एक साधी चाचणी घ्या. आईंना चौरंगावर किंवा बुटक्या स्टुलावर बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा. सहज उठल्या तर राफ्टमधून उठायला फारसा त्रास होऊ नये. कुणाचा हात धरावा लागला तरी चालेल, तिथे कर्मचारी मदत करतात. पण गुडघा बदललेला असेल, मानेच्या किंवा कंबरेच्या मणक्याचा त्रास असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, हृदयाचा काही इतिहास असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवू नका. राफ्ट भिंतीला आपटते तेव्हा धक्का आडवा येतो आणि म्हाताऱ्या मानेला आडवा धक्का सोसत नाही. नुसतं वय म्हणाल, तर सत्तरीच्या आज्या मी खिदळत उतरताना पाहिल्या आहेत आणि तिशीतले पुरुष पांढरेफटक होऊन.

मुलीचं सोपं आहे. आधी उंची मोजा, भिंतीला टाच लावून, चप्पल काढून. किमान १०७ सेंटिमीटर लागते आणि १२२ च्या आतल्या मुलांसोबत मोठं माणूस लागतं. १०७ म्हणजे ४२ इंच. हॉलिवूड, ऑरलँडो आणि ओसाका इथेही खालची मर्यादा तीच. सहा वर्षांच्या बहुतेक मुली यात बसतात, पण काठावर असेल तर तिला आधीच "नक्की बसायचं" असं वचन देऊ नका. मोजपट्टीजवळचा माणूस एक सेंटिमीटरही सोडत नाही. सोडू नयेच, कारण ती मर्यादा बेल्ट कुठे येतो आणि पाय कुठे टेकतात यावरून ठरलेली असते.

या वयाच्या मुलांना उडी फारशी घाबरवत नाही. घाबरवतो तो अंधार आणि आवाज. सिंगापूरच्या राइडमध्ये बंद इमारत, भोंगे, लाल दिवे आणि वरून येणारा टी-रेक्सचा जबडा हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं. या राइड्सची गोष्टच अशी रचलेली असते की आधी शांत शाकाहारी डायनासोर, मग काहीतरी बिनसतं, वाट चुकते आणि शिकारी मोकळे सुटल्याचं कळतं. मोठ्यांना हा बनाव आहे हे माहीत असतं, सहा वर्षांच्या मुलीला खरंच वाट चुकल्यासारखं वाटू शकतं. तिला आदल्या रात्री सगळी गोष्ट सांगून टाका. मजा कमी होत नाही; उलट "आता ते येणार!" असं ती तुम्हालाच सांगत बसेल.

आणि हवं तर डायनासोर चालतो कसा तेही सांगा, वेड असलेल्या मुलांना ते फार आवडतं. आत पोलादी सांगाडा असतो आणि वर फोम-रबर किंवा सिलिकॉनची कातडी. छोटे प्राणी बहुधा दाबलेल्या हवेवर हलतात: सिलिंडर फटकन पुढे-मागे होतो, म्हणून त्यांच्या हालचालीत झटका असतो, आणि तो भित्र्या, चपळ प्राण्यांना शोभतो. मोठ्या धुडाला हवा पुरत नाही, तिथे पूर्वीपासून हायड्रॉलिक तेल वापरत आले. ताकद प्रचंड आणि हालचाल संथ, भारदस्त. पण नळी फुटली की तेल थेट पाण्यात. आमच्यासारख्यांची झोप त्या नळ्यांवर टांगलेली असते. आता नव्या कामांत विजेच्या मोटरी वाढल्या आहेत. दमट हवा, क्लोरीनची वाफ आणि ऊन मिळून कातडी फाडतात, सगळ्यात आधी मानेच्या आणि जबड्याच्या घडीवर. रात्री पार्क बंद झाल्यावर कुणीतरी शिडी लावून टी-रेक्सच्या जबड्याला ठिगळ लावत असतं. एखादा प्राणी त्या दिवशी गप्प उभा दिसला तर समजा की त्याची रात्रीची दुरुस्ती राहिली. राइड त्याच्यासाठी थांबवत नाहीत, दिवे आणि धुराने वेळ मारून नेतात. धुराची आणि प्रकाशाची कमाल अशी की दहातल्या आठ जणांना ते कळतही नाही.

इथवरचं धरलं तर मुलगी उंचीत बसली तर बसवा, आईंचं गुडघे आणि मानेवरून ठरवा, आणि ८५ फुटांचं ओझं डोक्यातून काढून टाका. राहिलं भिजणं.

बोटीच्या राइडमध्ये जागा निवडून थोडं वाचता येतं: पुढची रांग आणि कडेच्या जागा जास्त भिजतात, मागची मधली जागा कमी. गोल राफ्टमध्ये हा हिशेब चालत नाही. ती फिरत राहते, त्यामुळे धबधब्याखाली कोण जाईल हे त्या दिवशीचा प्रवाह ठरवतो; एक जण कोरडा उतरतो आणि शेजारचा अंघोळ करून. तुम्ही ओलेचिंब होणार असं धरूनच चला. तिथे पोंचो विकत मिळतो, पण आपल्याकडचा पावसाळ्यातला साधा रेनकोट नेलात तरी तेच काम होतं. फक्त एक लक्षात ठेवा: रेनकोट वरचं अंग वाचवतो, बाकावर साचलेलं पाणी वाचवत नाही. बसायच्या आधी जागा हाताने पुसून घ्या.

आई साडी नेसत असतील तर त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस सुचवा. ओली सुती साडी जड होते, पायात घोटाळते आणि उतरताना नेमकी नको तिथे अडकते. ओढणी पिनेने पक्की करा किंवा बॅगेत ठेवा. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, अंगठ्याच्या चपला पाण्यात जातात. श्रवणयंत्र, मोबाइल, पासपोर्ट लॉकरमध्ये, चष्म्याला दोरी. पाणी तेच तेच फिरतं, गाळलेलं आणि क्लोरीन घातलेलं असतं, कपड्याला ते लागून काही होत नाही, पण मुलीला तोंड मिटून ठेवायला सांगा. ओरडताना ते जमणार नाही, मलाही माहीत आहे.

जायच्या आधी कुणाची भीड मोडायची असेल तर आपल्याकडे खोपोलीला इमॅजिकामध्ये राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर आहे, तीही डायनासोर आणि बोटीचीच राइड. तिचं नाव ज्याच्यावरून पडलं तो प्राणी खरा आहे आणि आपल्या देशातलाच: त्याचे अवशेष गुजरातेत राहिओलीला मिळाले आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. पुण्या-मुंबईहून एका दिवसात होतं. आई तिथे खुशीने बसल्या तर सिंगापूरला त्यांना पटवायची वेळ येणार नाही. राइड त्या दिवशी सुरू आहे का, ते निघण्याआधी फोन करून विचारा. पाण्याच्या राइड्स वरचेवर देखभालीसाठी बंद असतात, आणि ते चांगलं लक्षण आहे.

वेळेचं म्हणाल तर सिंगापूरला एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर विजांसह पाऊस येतो आणि वीज जवळ आली की बाहेरच्या राइड्स थांबवतात. लोक "भिजायचं ते शेवटी" म्हणून ही राइड संध्याकाळसाठी ठेवतात आणि नेमकी तेव्हाच ती बंद असते. तुम्ही जेवणाआधी करा. तिथल्या उकाड्यात कपडे अंगावर बऱ्यापैकी वाळतात, शिवाय मुलीचा एक कोरडा जोड पिशवीत असू द्या. आई बसल्या नाहीत तर त्यांना गर्दीत ताटकळत ठेवू नका: त्याच भागात वॉटरवर्ल्डचा स्टंट शो होतो, आगी, स्फोट, पाण्यात उड्या, सगळं बसून बघायचं. वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा, राइड शोच्या तासभर आधी उरका आणि शोला बसताना पुढच्या ओळी टाळा. त्या पाणी उडण्यासाठीच ठेवलेल्या असतात आणि आईंनी भिजायला नकार दिलेला आहे.